दुसऱ्याच्या भाल्यावर आपली बोटी

दोन महिन्यांपूर्वी एका कवितावाचनानंतर आम्ही सातआठ जण हॉटेलात बसलो होतो. मी दोन कविता वाचल्या होत्या. एक बंदरावरची, एक आज्जीवरची. टाळ्या पडल्या. टाळ्यांनी पोट भरत नाही म्हणून चिकन बिर्याणी मागवली. पैसे देणारा एक पत्रकार दोस्त होता. माणूस चांगला. मोर्चात येतो, अंक विकत घेतो, फुकट मागत नाही. टेबलावर एक मुलगी होती. तिने डाळभात मागवला आणि वर तूप नको म्हणून बजावलं. ती व्हीगन. म्हणजे मटण-मच्छी नाही, अंडं नाही, दूध-दही-तूप नाही, मध नाही, चामड्याची चप्पलसुद्धा नाही.

ती कुणाला काही बोलली नव्हती. दोस्तानेच खोडी काढली. मग पेटलं. ती म्हणाली, शेडमध्ये कोंबून पाचसहा आठवड्यांत फुगवलेली कोंबडी खायची तुला काय गरज आहे? तुझ्यापुढे दहा गोष्टी आहेत खायला. सवाल साधा होता. जवाब पण साधा होता : मला आवडते. पण तेवढं बोलायची दोस्ताची हिंमत झाली नाही. तो म्हणाला, "हे गोऱ्यांचं फॅड आहे. तिकडे बर्फात इनुइट माणूस सील खातो, त्याला काय पालक खायला सांगणार? आपला आदिवासी शिकार करतो. हजारो वर्षांची संस्कृती आहे ती. जनावराची माफी मागून मारतो तो. तू त्या संस्कृतीवर हल्ला करतेयस." आणि मग त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ह्याला विचार. ह्याच्या लोकांना विचार."

मुलगी माझ्याकडे बघून गप्प झाली. दोस्त जिंकला. त्याने लेगपीस उचलला.

मी काहीच बोललो नाही. माझ्या तोंडात घास होता. पण रात्रीच्या बसमध्ये तो घास घशाशी आला. राग कशाचा आला ते कळेना. तो आपल्याच बाजूने बोलत होता की. मांस मी खातो. माझा बाप खातो. आमच्या आज्ज्यांनी दोरीवर चान्या वाळवल्या. मग ही आग कशाची? मानखुर्द आलं तेव्हा उलगडा झाला. त्याने मला बोलू दिलं नव्हतं, मला दाखवलं होतं. पोलीस पंचनाम्यात सुरा दाखवतात तसं. मी त्या टेबलावर माणूस नव्हतो, मुद्देमाल होतो. आणि माझ्यासोबत तो बर्फातला इनुइट आणि जंगलातला आदिवासी, तेही मुद्देमाल. तिघांच्या आड बसून एकजण लेगपीस खात होता.

मित्रांनो, ही लबाडी आपण नीट बघितली पाहिजे. कारण ती आपल्याच गोटातले, आपल्याच बाजूचे म्हणवणारे करतात. आणि खरं सांगायचं तर मीही केली आहे. त्याकडे येतो.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस. इनुइट कोण हे मला तरी कुठे माहीत होतं? म्हणून सुट्टीच्या दिवशी लायब्ररीत आणि रात्री मोबाईलवर वाचत बसलो. जे कळलं ते असं.

कॅनडाच्या उत्तरेला, जिथे झाड उगवत नाही, तिथे हे लोक सील मारतात, खातात, कातडं वापरतात आणि उरलेलं विकतात. त्या पैशातून बोटीचं तेल आणि बंदुकीची गोळी येते. १९८३ साली युरोपने सीलच्या पांढऱ्या पिल्लांच्या कातड्यांची आयात बंद केली. ही पिल्लं मारणारा धंदा मुख्यतः दुसऱ्यांचा, दक्षिणेकडचा. इनुइट मारतात ते मोठे सील. पण बाजार असला फरक करत नाही. सगळ्याच कातड्यांचा भाव कोसळला आणि बर्फातल्या वस्त्या भिकेला लागल्या. २००९ साली युरोपने आणखी मोठी बंदी घातली. त्यात कागदावर इनुइटांना सूट ठेवली. पण गिऱ्हाईकच पळून गेल्यावर सूट घेऊन काय चाटायची? अलेथिया आर्नाकुक-बॅरिल या इनुइट बाईने २०१६ साली 'अँग्री इनुक' नावाचा सिनेमा काढून हे सगळं जगापुढे मांडलं. आणि २०१४ साली ग्रीनपीसच्या कॅनडा शाखेनेच आपल्या जुन्या मोहिमेने इनुइटांचं नुकसान केलं म्हणून माफी मागितली.

म्हणजे प्राणीप्रेमाच्या नावाने या माणसांना तुडवलं गेलं, हे खरं आहे. ते मी झाकणार नाही. त्या डाळभातवाल्या मुलीनेही हे वाचावं.

पण आमच्या दोस्ताने यातलं काय सांगितलं? काहीच नाही. त्याला ते माहीतच नव्हतं. १९५३ साली कॅनडाच्या सरकारने इनुकजुआकची इनुइट कुटुंबं उचलून सुमारे २००० किलोमीटर उत्तरेला नेऊन टाकली आणि माफी मागायला २०१० साल उजाडलं, हेही त्याला माहीत नव्हतं. त्या लोकांची जमीन, त्यांची पोरं, दुकानातल्या डब्यांचे भाव, यातलं काही त्याला नको. त्याला इनुइटाचा फक्त जबडा पाहिजे. तोही सील चावताना. बाकीचा माणूस त्याच्या काय कामाचा?

इनुइट सील खातो कारण तो तिथे राहतो. माझा दोस्त राहतो लिफ्टच्या इमारतीत. त्या रात्री त्याच्या पायाखाली बर्फ नव्हता, थम्सअपमध्ये होता. इनुइटाच्या गरजेतून त्याची चैन कशी सिद्ध होते? आणि जनावराची माफी मागून मारतात म्हणे! अरे, तू त्या कोंबडीची माफी मागितलीस? कोंबडी राहू दे. बिर्याणी आणून देणाऱ्या पोराकडे मान वर करून तरी बघितलंस?

आता इकडचं बघू. "आपला आदिवासी शिकार करतो." हा "आपला" शब्द कानात खिळ्यासारखा रुततो. कधीपासून आपला?

शिकार करणारा आदिवासी या देशाच्या कायद्यात गुन्हेगार आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ससा मारला तरी खटला. मग २००६ साली वनहक्क कायदा आला. त्यासाठी माणसं मुंबई-दिल्लीपर्यंत पायी चालली. त्या कायद्याने जमीन, चराई, मध, डिंक, तेंदू, मासे, पुष्कळ हक्क मान्य केले. पण त्याच कलमात सरळ लिहून ठेवलं की शिकारीचा परंपरागत हक्क सोडून. ती संस्कृती आमचा दोस्त बिर्याणीसोबत फुकट तोंडी लावतो, आणि ज्याची आहे त्याला तीच जगल्याबद्दल पोलीस नेतात. फासेपारध्याला विचारा शिकार काय भावाने पडते. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून माणसांच्या जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. पारधीही त्यात आले. १९५२ साली तो शिक्का कागदावरून पुसला. पोलिसांच्या डोक्यातून अजून पुसला नाही.

मी न्हावा-शेव्याच्या बंदरात ठेक्यावर काम करतो. ते बंदर रायगड जिल्ह्यात आहे. त्याच जिल्ह्यात कातकरी राहतात. शेतातला उंदीर धरून खातात म्हणून गावाने पिढ्यानपिढ्या त्यांना हसून घेतलं. त्यांचं पोट वीटभट्टीवर आहे. पावसाळा संपला की बिऱ्हाड पाठीवर, उचल अंगावर, आणि पोरांची शाळा भट्टीच्या धुरात. पुष्कळांच्या घराखालची जमीनसुद्धा त्यांच्या नावावर नाही. वादात शिकारीचा दाखला देणारा एक तरी माणूस कातकऱ्याच्या झोपडीत उंदीर खायला बसला आहे का? नाही बसणार. त्याला किळस येईल. त्याला आदिवासीची परंपरा पाहिजे, पण आदिवासीचं ताट नको.

मुंबईचंच घ्या. आरेच्या जंगलात वारल्यांचे पाडे आहेत. ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री तिथे मेट्रोच्या कारशेडसाठी करवती चालू झाल्या. सुप्रीम कोर्टाने थांबवेपर्यंत दोन हजारांहून जास्त झाडं आडवी झाली होती. पाड्यावरच्या बायका-पोरी रस्त्यावर उतरल्या. पोलिसांनी पोरांना धरून नेलं. त्या रात्री जो तिथे उभा होता, तो मला आदिवासी संस्कृतीबद्दल दोन शब्द सांगू शकतो. मग तो मटण खाणारा असो नाहीतर डाळभात. बाकीच्यांनी आधी तोंड धुवून यावं.

आता माझं स्वतःचं.

माझी धाकटी बहीण. वीस वर्षांची. कोंबड्यांच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे ती हिशेब लिहायला लागली. पहाटे चारला गाडी येते. जाळीच्या खोक्यांत एकावर एक रचलेल्या कोंबड्या. वरचीची घाण खालचीच्या डोळ्यांत. मेलेल्या वेगळ्या मोजायच्या, जिवंत वेगळ्या तोलायच्या. हिशेब ती लिहायची. सहा महिने लिहिला. एके दिवशी घरी येऊन म्हणाली, मी आजपासून खाणार नाही. मग अंडं सोडलं. मग दूध सोडलं. कोरा चहा प्यायला लागली.

आईला वाटलं पोरगी आजारी पडली. मला वाटलं पोरगी फितूर झाली. मी तिला जे बोललो ते इथे लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मी म्हणालो, "बामनीण झालीस काय? आपली परंपरा हाय ही. आपल्या आज्ज्यांनी चान्या खाऊन आपल्याला वाढवलं. गोमांसाच्या नावाखाली माणसं मारतायत, आणि तू त्यांच्या पंगतीत बसतेस?"

ती शांतपणे म्हणाली, "दादा, १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी सांगितलं मेलेल्या जनावराचं खाऊ नका. तवा आपल्या पणजीनं चुलीवरची हंडी उकिरड्यावर नेऊन उपडी केली. आज्जीच सांगायची ना? मग पणजी काय बामनीण झाली? गाव काय म्हणत होतं तेव्हा? हेच म्हणत होतं. मेलेलं ओढणं आणि मेलेलं खाणं ही तुमची परंपरा आहे."

मला जवाब सुचला नाही. अजून सुचलेला नाही.

आमच्यावर लादलेल्या उपासमारीला परंपरा हे नाव कुणी दिलं? गावाने. ती मोडली कुणी? आमच्याच लोकांनी. म्हणजे परंपरा ज्याची आहे तो ती पाळील, बदलील, नाहीतर उकिरड्यावर फेकील. शाहू पाटोळ्यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून मराठवाड्यातल्या महार-मांगांचं ताट मराठीत मांडलं. ताठ मानेने मांडलं. तोही हक्क आमचाच. चान्या लिहून ठेवणं आमचं आणि हंडी उपडी करणंही आमचं. बाहेरच्याने येऊन आम्हाला "तुम्ही खरे कोण" हे सांगायचं नाही.

आणि हे फक्त आपल्याकडे नाही. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर मिकमॅक नावाचे मूळनिवासी आहेत. त्यांच्यातली मार्गारेट रॉबिन्सन ही विदुषी स्वतः व्हीगन आहे. २०१३ साली तिने आपल्या लोकांच्या दंतकथा उलगडून लिहिलं की त्या कथांत जनावर हा नातलग असतो, मारणं गरजेपोटी असतं आणि त्याची खंत असते. गरज सरल्यावर ते नातं मांस न खाताही जपता येतं, असं तिचं म्हणणं. मांस सोडणं हे गोऱ्यांचंच काम ठरवलं की मूळनिवासी व्हीगन आपल्या लोकांतून फुटलेला ठरतो, हेही ती दाखवते. उलट अमेरिकेच्या पश्चिम टोकाला मकाह लोक आहेत. त्यांनी १८५५ च्या तहात देवमाशाच्या शिकारीचा हक्क लिहून घेतला. व्यापाऱ्यांनी मारून मारून देवमासे संपवत आणले, तेव्हा १९२० च्या दशकात मकाहांनी आपली शिकार थांबवली. मे १९९९ मध्ये त्यांनी पुन्हा एक देवमासा मारला. त्यावर बाहेरच्यांनी त्यांना वाटेल तशा शिव्या घातल्या. पण त्यांच्यातल्याच एक म्हाताऱ्या, अल्बर्टा थॉम्पसन, या शिकारीच्या विरोधात उभ्या राहिल्या होत्या. २०२४ साली सरकारने मकाहांना १० वर्षांत २५ पर्यंत देवमासे मारायची मुभा दिली.

कोण बरोबर? ते मकाह ठरवतील. भांडण त्यांच्या घरातलं आहे. मला एवढंच दिसतं की त्या घरात भांडण आहे. जिवंत घरात असतंच. ज्याला दुसऱ्याची परंपरा ढालीसारखी पाहिजे, त्याला हे भांडण नको असतं. त्याला एकच आदिवासी पाहिजे. भाला धरून उभा, फोटोतला, न बोलणारा. रॉबिन्सनबाई त्याला चालत नाहीत. माझी बहीण चालत नाही.

आता व्हीगन मित्रांनो, तुमच्याकडे वळतो. तुम्ही हसू नका. तुमच्यातही लबाडी आहे. या राज्यात १९७६ पासून गोहत्याबंदी होती. २०१५ साली बैल-वळूही त्यात आणले आणि ताटातल्या मांसालाही गुन्हा ठरवलं. पाच वर्षांची कैद. परराज्यातून आणलेलं मांस जवळ ठेवणं गुन्हा नाही, हे २०१६ साली हायकोर्टाला सांगावं लागलं. त्याच वर्षी जुलैत गुजरातेत उन्याला मेलेली गाय सोलणाऱ्या आपल्या पोरांना गाडीला बांधून फोडलं. त्याला कुणी प्राण्यांवरची दया म्हणू नये. गाईसाठी माणूस मारणारा तुमच्या मोर्चात तुमचाच बोर्ड धरून उभा असेल, तर त्याला बाहेर काढणं तुमचं काम आहे. ते केल्याशिवाय आमच्या वस्तीत येऊन ताटात बघू नका. आणि "प्राचीन भारत शाकाहारी होता" हे तर बोलूच नका. तीही दुसऱ्याच्या परंपरेच्या नावाने केलेली चोरीच आहे. त्या भारतात आम्ही होतो आणि आमचं ताट पण होतं.

पण हेही तितकंच खरं, की उन्याच्या पोरांच्या पाठीवरचे वळ माझ्या बिर्याणीचं लायसन नाहीत. मार त्यांनी खाल्ला. बिर्याणी मी खाल्ली.

कामावर रोज बघतो. रीफरचे पांढरे डबे, वीज लावून रांगेत उभे. आत म्हशीचं मांस, उणे १८ डिग्रीला गोठवलेलं, खोक्यात भरलेलं, परदेशी निघालेलं. आम्ही काटा बघतो, नंबर लिहितो, प्लग तपासतो. त्या डब्यात कुणाची परंपरा नाही. कुणाची माफी नाही, कुणाचं गाणं नाही. त्यात माल आहे. ज्या जमिनीवर ते डबे उभे आहेत तिथे पूर्वी शेवा कोळीवाडा होता. बंदरासाठी तो उठवला. जाळी टाकणाऱ्यांची परंपरा त्या यार्डाखाली गाडलेली आहे, आणि वरून माल जातो. माझी बिर्याणी याच डब्याच्या नात्यातली आहे, कातकऱ्याच्या उंदराच्या नाही. इनुइटाच्या सीलच्या तर नाहीच नाही.

मग मी का खातो? बारा तासांची पाळी करून आलो की वास येतो आणि भूक लागते. स्वस्तात पोट भरतं. चव आवडते. लहानपणी बाप पगाराच्या दिवशी पाव किलो आणायचा, ती चव जिभेला आठवते. ही माझी कारणं. काही बरी आहेत, काही फालतू. पण माझी आहेत. त्यांच्यावर बहीण सवाल करील तर मी तिच्याशी भांडीन, हरेन, कदाचित उद्या सोडीनही. सोडली नाही तर ते माझ्या नावावर लिहा.

मला एवढंच म्हणायचं आहे. वादात कुणी इनुइटाचं, आदिवासीचं, दलिताचं नाव काढलं की त्याला तिथेच विचारा : त्यांच्या जमिनीच्या लढ्यात तू कुठे होतास? त्यांच्यातले तुझ्याविरुद्ध बोलणारे ऐकलेस का? आणि त्यांचं नाव काढून घेतलं तर तुझ्याकडे तुझं स्वतःचं काय उरतं? काहीच उरलं नाही तर त्याने गप जेवावं. जेवायला कुणाची ना नाही.

त्या दोस्ताला मी परवा फोन करून हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, तू फारच मनावर घेतलंस, मी तर तुमच्या बाजूने बोलत होतो. मी म्हणालो, पुढच्या वेळी माझ्या बाजूने बोलू नकोस, माझ्या बाजूला बस आणि स्वतःच्या तोंडाने बोल. त्याने फोन ठेवला. पुढचा अंक विकत घेईल की नाही माहीत नाही.

घरी आता दोन पातेली चढतात. आई कुरकुरते, गॅस काय फुकट येतो काय. एका पातेल्यात रविवारचं चिकन, एकात बहिणीचं पिठलं. मी दोन्ही खातो. ती एकच खाते. आमचं भांडण चालू आहे. त्यात बाहेरच्या साक्षीदाराची गरज पडलेली नाही.